जुन्या गाडीची इग्निशन कॉइल निवडताना आधी ओहम मोजा

पॉइंट (कॉइलचा करंट जोडणारे-तोडणारे संपर्क) आणि कंडेन्सरवर चालणाऱ्या जुन्या गाडीला नवी इग्निशन कॉइल, म्हणजे प्लगच्या ठिणगीसाठी व्होल्टेज वाढवणारा भाग, घ्यायची म्हटले की नवख्याची नजर आधी खोक्यावरच्या ‘४०,००० व्होल्ट’ या अक्षरांवर जाते, मग कॉइलच्या रंगावर. या दोन्हींवरून ती कॉइल तुमच्या गाडीला चालेल की नाही हे कळत नाही. ते कळते प्रायमरी वेढ्यांच्या रेझिस्टन्सवरून, म्हणजे ओहमच्या आकड्यावरून. आणि तो आकडा बरोबर की चूक हे ठरवते तुमच्या गाडीचे वायरिंग. घोटाळा असा की चुकीची कॉइल बसवली तरी गाडी बहुतेक वेळा सुरू होते. काही दिवसांनी पॉइंट जळू लागतात, कॉइलला हात लावता येत नाही इतकी ती तापते, किंवा चढावर इंजिन मिस मारू लागते. तोवर कॉइल बदलल्याचे कोणाच्या लक्षातही राहिलेले नसते.

आत काय घडते ते थोडक्यात

कॉइलमध्ये लोखंडी गाभ्याभोवती दोन वेटोळी असतात. जाड तारेचे काहीशे वेढे म्हणजे प्रायमरी, आणि केसासारख्या बारीक तारेचे हजारो वेढे म्हणजे सेकंडरी. पॉइंट मिटलेले असताना प्रायमरीतून करंट वाहतो आणि गाभ्यात चुंबकीय क्षेत्र साठत जाते. पॉइंट उघडले की करंट तुटतो, ते क्षेत्र एकदम कोसळते, प्रायमरीतच २०० ते ४०० व्होल्टचा झटका तयार होतो आणि सेकंडरीत तो कित्येक पटींनी वाढून प्लगपर्यंत जातो. कंडेन्सर नसेल तर करंट पॉइंटच्या फटीतच ठिणगी पाडत राहील, झटपट तुटणार नाही आणि प्लगला काही उरणार नाही. म्हणून कॉइल, पॉइंट आणि कंडेन्सर यांना एकच यंत्र समजून पाहावे.

खोक्यावरच्या व्होल्टच्या आकड्याचेही इथेच पाहून घेऊ. सेकंडरीतले व्होल्टेज प्लगच्या फटीतली हवा फोडण्यापुरतेच चढते. ०.६ मिमी फटीच्या प्लगला साध्या चालीत १० ते १५ हजार व्होल्ट पुरतात. कॉइलची क्षमता ४० हजारांची असली तरी ती प्लगवर ४० हजार व्होल्ट ‘पाठवत’ नाही. जादा क्षमता उपयोगी पडते ती फट मोठी असताना, प्लग झिजलेले असताना किंवा इंजिनावर भार असताना.

कॉइल खरंच गेली आहे का

नवी कॉइल मागवण्याआधी हा तपास करा. यात अर्धा तासही जात नाही.

गाडी थंड असताना छान चालते, २०-३० मिनिटांनी बंद पडते आणि थंड झाली की परत सुरू होते, हे कॉइलचे ठरलेले लक्षण मानले जाते. पण कंडेन्सर तापून बिघडला तरी नेमके असेच होते, आणि पेट्रोलची पाइपात वाफ झाली तरीही. म्हणून गाडी बंद पडल्या क्षणीच ठिणगी बघा. डिस्ट्रिब्युटर (ठिणगी पाळीपाळीने प्रत्येक प्लगला वाटणारा भाग) कॅपच्या मधली एच.टी. वायर, म्हणजे कॉइलकडून येणारी जास्त व्होल्टेजची जाड वायर, काढून तिचे टोक इंजिनाच्या स्वच्छ धातूपासून सुमारे ६ मिमी अंतरावर पक्के अडकवून ठेवा. हातात धरू नका. मग सेल्फ मारायला सांगा. जोरकस निळी ठिणगी टकटक उडाली तर कॉइल सोडा आणि कॅप, रोटर किंवा इंधनाकडे वळा. पिवळसर, बारीक, मधूनच उडणारी ठिणगी दिसली तर आधी चांगला माहीत असलेला कंडेन्सर लावून पाहा. तो ०.२ मायक्रोफॅरडच्या आसपासचा असतो आणि बदलायला सोपा असतो. नवे कंडेन्सरसुद्धा पुष्कळदा खराब निघतात, तेव्हा ‘नवा आहे’ म्हणून त्याला निर्दोष समजू नका. ज्यांच्या हृदयात पेसमेकर आहे त्यांनी यातली कोणतीही चाचणी करू नये. चालू इग्निशनपासून लांबच राहावे.

मग मल्टिमीटर. कॉइलच्या सगळ्या वायरी सोडवा. मीटरची दोन टोके एकमेकांना टेकवून जो आकडा येतो, समजा ०.३, तो लिहून ठेवा आणि प्रायमरीच्या वाचनातून वजा करा. ही वजाबाकी विसरल्यामुळे १.५ ओहमची कॉइल १.८ ची वाटते आणि निवड गडबडते. दोन लहान टर्मिनलांमध्ये प्रायमरी मोजा. + आणि मधल्या मोठ्या टोकामध्ये सेकंडरी मोजा. ती सहसा ५ ते १५ किलोओहमच्या दरम्यान येते. शेवटी कोणतेही टर्मिनल आणि कॉइलचे धातूचे अंग यांमध्ये मोजा. इथे मीटरने काहीच दाखवता कामा नये.

वाचन थंड कॉइलवर घ्या. तांब्याचा रेझिस्टन्स दर अंशाला सुमारे ०.४ टक्के वाढतो. २० अंशाला ३.० ओहम दाखवणारी धडधाकट कॉइल ८० अंशाला ३.७ दाखवते, आणि मग ती बिघडली असे वाटते. उलट, सगळे आकडे बरोबर आले म्हणजे कॉइल चांगलीच, असेही नाही. मल्टिमीटर एक-दोन व्होल्टवर मोजतो. हजारो व्होल्टखाली गरम असताना इन्शुलेशन फुटते की नाही हे त्याला दिसणारच नाही. मधल्या टोकाभोवती काळ्या केसासारख्या रेघा, चीर किंवा तेलाचा ओलावा दिसला तर आकडे काहीही असोत, ती कॉइल बदला.

पहिला प्रश्न: बॅलास्ट आहे की नाही

निवडीतल्या पुष्कळ चुका इथेच होतात, म्हणून हा भाग सावकाश वाचा.

१२ व्होल्टच्या पॉइंटवाल्या गाड्यांत दोन पद्धती आढळतात. पहिल्या पद्धतीत चावीपासून वायर थेट कॉइलवर येते आणि कॉइल सुमारे ३ ओहमची असते. चालू गाडीत १३.८ व्होल्ट भागिले ३, म्हणजे ४.६ अँपिअर. पॉइंट एवढा करंट हजारो किलोमीटर निमूटपणे सोसतात. दुसऱ्या पद्धतीत कॉइल सुमारे १.५ ओहमची असते आणि तिच्या आधी वायरीत आणखी १.५ ओहमचा एक रेझिस्टर बसवलेला असतो. त्याला बॅलास्ट म्हणतात. बेरीज पुन्हा ३ ओहम, करंट पुन्हा ४.६ अँपिअर. मग दुसऱ्या पद्धतीचा खटाटोप कशासाठी?

सेल्फ मारताना स्टार्टर इतका करंट ओढतो की बॅटरीचे व्होल्टेज ९-१० वर उतरते. नेमकी तेव्हाच ठिणगी जोरकस हवी असते. बॅलास्टवाल्या गाडीत स्टार्टरच्या सोलेनॉइडवर (स्टार्टरला करंट जोडणाऱ्या चुंबकी स्विचवर) एक वेगळे टर्मिनल असते. सेल्फ चालू असेपर्यंत ते बॅलास्टला वळसा घालून बॅटरी सरळ कॉइलला जोडते. ९ व्होल्ट भागिले १.५ म्हणजे ६ अँपिअर. थंड सकाळी गाडी पहिल्या झटक्यात उठते. चावी सोडली की बॅलास्ट पुन्हा मध्ये येतो. आणखी एक फायदा असा की चालू गाडीत निम्मी उष्णता कॉइलच्या बाहेर, बॅलास्टमध्ये निघून जाते.

आता यांची सरमिसळ झाली तर काय होते ते पाहा.

१.५ ओहमची कॉइल बॅलास्टशिवाय थेट लावली: १३.८ भागिले १.५, म्हणजे ९.२ अँपिअर. ठिणगी सुरुवातीला झकास दिसते आणि ‘नव्या कॉइलने गाडी बदलली’ असे वाटते. पॉइंटवर मात्र दुपटीचा भार पडतो. ते निळे-काळे पडतात, एका बाजूला खड्डा आणि दुसऱ्या बाजूला उंचवटा येतो. कॉइलमधले तेल तापून बाहेर येते. चावी चालू आणि इंजिन बंद असताना पॉइंट मिटलेले राहिले तर अशा कॉइलमध्ये शंभर वॉटच्या आसपास उष्णता सतत साठत राहते. ती फुटूही शकते.

३ ओहमची कॉइल बॅलास्ट तसाच ठेवून लावली: एकूण ४.५ ओहम, करंट जेमतेम ३ अँपिअर. काही जळत नाही, पण ठिणगी कायमची अशक्त राहते. आयडलिंगला सगळे ठीक वाटते. वेग वाढवला किंवा चढ लागला की गाडी मिस मारते. हा दोष शोधायला सर्वांत चिवट, कारण कॉइल नवी आणि मोजमाप अचूक असते. लोक कार्बोरेटर खोलून बसतात.

बॅलास्ट ओळखायचा कसा? काही गाड्यांत तो फायरवॉलवर (इंजिन आणि केबिन यांमधल्या पत्र्यावर) पांढऱ्या सिरॅमिकचा ठोकळा म्हणून उघड दिसतो. क्रायसलरच्या गाड्यांत तो तसाच असे. पण पुष्कळ गाड्यांत ठोकळा नसतोच. वायरिंगच्या जुडग्यातच रेझिस्टन्सची खास वायर घातलेली असते. साठच्या दशकातल्या फोर्ड मस्टँगमध्ये ती गुलाबी वायर होती. १९७४ नंतरच्या, रबरी बंपरच्या एमजीबी या ब्रिटिश स्पोर्ट्स गाडीमध्येही बॅलास्ट असा जुडग्यातच दडलेला आहे. तेव्हा ‘ठोकळा दिसत नाही, म्हणजे बॅलास्ट नाही’ असे कधीही धरू नका. मोजा:

१. मीटर डीसी व्होल्टवर ठेवा. आधी बॅटरीचे व्होल्टेज लिहून घ्या, समजा १२.४.
२. इंजिन हाताने फिरवून पॉइंट मिटलेल्या स्थितीत आणा. ते जमत नसेल तर कॉइलच्या डिस्ट्रिब्युटरकडच्या टर्मिनलवरून एका वायरीने अर्थ द्या.
३. चावी चालू करा आणि कॉइलच्या चावीकडच्या टर्मिनलवर व्होल्टेज मोजा. काही सेकंदांत वाचन घेऊन चावी बंद करा.
४. आता कोणाला तरी सेल्फ मारायला सांगून त्याच जागी पुन्हा मोजा.

३ ओहमच्या मूळ कॉइलवर तिसऱ्या पायरीत बॅटरीइतके, म्हणजे १२ च्या आसपास व्होल्टेज आले तर बॅलास्ट नाही. १.५ ओहमच्या कॉइलवर ५ ते ८ च्या दरम्यान आले तर बॅलास्ट आहे. कॉइल आधीच कोणीतरी बदललेली असेल तर हे आकडे सरकतात: बॅलास्टवर ३ ओहमची कॉइल असेल तर ८ च्या आसपास वाचन येते. पॉइंट उघडे असताना मोजाल तर दोन्ही पद्धतींत पूर्ण १२ व्होल्टच दिसतील, कारण करंट वाहत नसेल तर रेझिस्टरवर व्होल्टेज पडतच नाही. दुसरी पायरी टाळली की चाचणी फुकट जाते.

चौथ्या पायरीत बॅलास्टवाल्या गाडीत व्होल्टेज वाढून ९-१० ला यायला हवे. वाढत नसेल तर वळसा देणारी वायर तुटली आहे किंवा कोणीतरी काढून टाकली आहे. मग सेल्फ फिरत असताना गाडी पेट घेत नाही आणि चावी सोडता सोडता कधीतरी खोकते. याच्या उलट लक्षण बॅलास्ट जळाल्याचे: सेल्फ मारताना गाडी सुरू होते आणि चावी सोडताच बंद पडते. दोन्हींत कॉइलचा काहीही दोष नसतो.

बॅलास्ट नसेल आणि वाचन बॅटरीपेक्षा अर्ध्या व्होल्टहून जास्त कमी येत असेल, तर चावीचा स्विच किंवा वाटेतला एखादा जोड गंजलेला आहे. तो साफ करा. नवी कॉइल तिथे हरवलेले व्होल्ट परत आणणार नाही.

बॅलास्ट काढून टाकावा का

मूळ पद्धत शाबूत असेल तर काढू नये. सकाळी सुरू होताना मिळणारा फायदा खरा आहे. पण वायरिंगमध्ये आधीच कोणी हात घातला असेल, वळसा देणारी वायर नाहीशी असेल, किंवा जुडग्यातली रेझिस्टन्सची वायर करपली असेल, तर ३ ओहमची कॉइल आणि साधी पद्धत हा स्वच्छ मार्ग आहे. त्यासाठी चावीने चालू-बंद होणाऱ्या फ्यूज किंवा टर्मिनलपासून कॉइलपर्यंत नवी साधी वायर ओढा. रेझिस्टन्सच्या वायरीची दोन्ही टोके इन्शुलेट करून बाजूला बांधा. सोलेनॉइडकडून येणारी वायरही कॉइलवरून काढून तिचे टोक झाका.

बॅलास्टची पद्धत नव्याने बसवत असाल तर सोलेनॉइडवर त्यासाठी स्वतंत्र टर्मिनल हवे. चावीकडून सोलेनॉइडला येणाऱ्या वायरीलाच कॉइल जोडली, तर चावी सोडल्यावर कॉइलकडून उलटा करंट सोलेनॉइडला मिळू शकतो आणि स्टार्टर चालत्या इंजिनाला चिकटून राहतो.

वायर बदलताना डॅशबोर्डवरचा आरपीएम मीटरही लक्षात ठेवा. साठच्या दशकातल्या अनेक ब्रिटिश गाड्यांत स्मिथ्सचा असा मीटर आहे की कॉइलला जाणारी वायरच त्याच्यातून फिरून जाते. तो करंटचे ठोके मोजतो. नवी वायर त्याला वगळून ओढली तर काटा शून्यावर पडून राहतो.

६ व्होल्ट, १२ व्होल्ट आणि सिलिंडरांची संख्या

जुनी फोक्सवॅगन बीटलसारख्या ६ व्होल्टच्या गाडीला ६ व्होल्टचीच कॉइल घ्या. बॅलास्टसाठीची १२ व्होल्टची कॉइल मोजली तर तीही सुमारे १.५ ओहमची निघते आणि ६ व्होल्टवर चालतेसुद्धा, पण तो तात्पुरता उपाय. गाडी कधी १२ व्होल्टवर नेली असेल तर कॉइलही बदलली आहे का, हे अंगावरचे अक्षर न वाचता मोजून पाहा.

सिलिंडर वाढले की कॉइलला श्वास घ्यायला वेळ कमी मिळतो. चार सिलिंडरचे इंजिन ३,००० आरपीएमला सेकंदाला १०० ठिणग्या मागते, म्हणजे प्रत्येक ठिणगीमागे १० मिलिसेकंद. त्यातले ६ ते ७ मिलिसेकंद पॉइंट मिटलेले असतात. आठ सिलिंडरचे इंजिन ५,००० आरपीएमला ३३३ ठिणग्या मागते. तिथे पॉइंट मिटलेले राहतात जेमतेम २ मिलिसेकंद. प्रायमरीतला करंट एकदम पूर्ण चढत नाही, त्याला काही मिलिसेकंद लागतात. म्हणून आठ सिलिंडरच्या, वेगाने फिरणाऱ्या इंजिनाला कमी वेढ्यांची, झटपट भरणारी १.५ ओहमची कॉइल बॅलास्टसह जास्त मानवते. चार सिलिंडरच्या साध्या गाडीला ३ ओहमची मूळ दर्जाची कॉइल पुरून उरते. पॉइंटची फट चुकीची ठेवली तर मिटण्याचा काळ कमी होऊन चांगली कॉइलही अर्धपोटी राहते, म्हणून कॉइलआधी फट किंवा ड्वेल (पॉइंट मिटलेले राहण्याचा कोन) गाडीच्या पुस्तकातल्या आकड्याप्रमाणे लावून घ्या.

पॉइंटच्या जागी इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल असेल तर

पॉइंट काढून डिस्ट्रिब्युटरमध्ये मॉड्यूल बसवले असेल, तर कॉइल मॉड्यूलच्या मर्यादेप्रमाणे घ्यावी लागते. पर्ट्रॉनिक्सचे पहिल्या पिढीचे इग्निटर चार आणि सहा सिलिंडरला किमान ३ ओहमची आणि आठ सिलिंडरला किमान १.५ ओहमची कॉइल मागते. सिलिंडर कमी, तर करंट वाहण्याचा काळ जास्त, तर मॉड्यूल जास्त तापणार, म्हणून हा फरक. दुसऱ्या पिढीच्या मॉड्यूलसोबत ०.६ ओहमची कॉइल चालते, कारण ते करंट स्वतः आवरते. १ ओहमखालची कॉइल पॉइंटवर कधीच लावू नका.

मॉड्यूलच्या लाल वायरीला पूर्ण १२ व्होल्ट हवे असतात. गाडीत बॅलास्ट ठेवला असेल तर ती वायर बॅलास्टच्या आधी, चावीच्या बाजूला जोडा. आणि तांब्याच्या गाभ्याच्या एच.टी. वायरी काढून रेझिस्टन्सच्या वायरी घाला. तांब्याच्या वायरींतून उठणारा विद्युत गोंगाट मॉड्यूलला गोंधळात टाकतो. मॉड्यूल असो वा पॉइंट, इंजिन बंद ठेवून चावी चालू सोडण्याची सवय दोघांनाही मारक आहे.

अंगावरच्या खुणा कशा वाचायच्या

ल्युकास या ब्रिटिश कंपनीच्या जुन्या कॉइलवर + आणि − ऐवजी एसडब्ल्यू आणि सीबी अशी अक्षरे असतात: एसडब्ल्यू चावीकडे, सीबी पॉइंटकडे. जर्मन कॉइलवर १५ म्हणजे चावीकडून येणारी वायर, १ म्हणजे डिस्ट्रिब्युटरकडे जाणारी आणि ४ म्हणजे एच.टी. ल्युकासच्या नंतरच्या क्रमांकांत डीएलबी १०१ ही ३ ओहमची साधी, डीएलबी १०२ बॅलास्टसाठीची आणि डीएलबी १०५ ही ३ ओहमची स्पोर्ट्स कॉइल. सोनेरी स्पोर्ट्स कॉइल बॅलास्टच्या आणि बिनबॅलास्टच्या अशा दोन्ही प्रकारांत मिळतात, तेव्हा सोनेरी रंगाने काहीच सिद्ध होत नाही. ‘आत रेझिस्टर आहे’ असा शिक्का बहुतेक वेळा एवढेच सांगतो की प्रायमरीच ३ ओहमची आहे आणि बाहेर बॅलास्ट लावू नये. ‘बाहेरचा रेझिस्टर वापरा’ असे लिहिलेली कॉइल १.५ ओहमची. शिक्का काहीही म्हणो, खोक्यातून काढल्यावर बसवण्याआधी मीटर लावाच. खोके एक आणि आत कॉइल भलतीच, हेही घडते.

मापात बसते का, तेही पाहा. मूळ क्लॅम्पचा व्यास मोजा. मधले टोक वायर दाबून बसवायचे आहे की जुन्या ल्युकाससारखे स्क्रूने आवळायचे, हे बघा. टर्मिनले चपटी आहेत की नटाची, आणि एकाच टर्मिनलवर दोन वायरी लावायच्या असतील तर दुहेरी पट्टी आहे का, तेही तपासा.

पोलॅरिटी: कोणती वायर कुठे

१९६० च्या दशकाच्या मध्यापर्यंत अनेक ब्रिटिश गाड्यांत बॅटरीचे + टोक अर्थ केलेले असे. एमजीबी १९६७ पर्यंत तशीच होती. अशा गाडीवर आजची +/− खुणांची कॉइल लावताना नवखे हटकून चुकतात. नियम एकच लक्षात ठेवा: बॅटरीचे जे चिन्ह अर्थ केलेले आहे, कॉइलचे त्याच चिन्हाचे टर्मिनल डिस्ट्रिब्युटरकडे जाते. निगेटिव्ह अर्थ असेल तर − डिस्ट्रिब्युटरला आणि + चावीला. पॉझिटिव्ह अर्थ असेल तर + डिस्ट्रिब्युटरला आणि − चावीला. जुनी एसडब्ल्यू-सीबी कॉइल पॉझिटिव्ह अर्थसाठी बनलेली असेल आणि गाडी नंतर निगेटिव्ह अर्थ केली असेल, तर दोन्ही वायरींची अदलाबदल करावी लागते.

उलट जोडली तरी इंजिन चालते. मग फरक कसला? प्लगचा मधला इलेक्ट्रोड बाहेरच्यापेक्षा खूप गरम असतो आणि गरम धातूतून इलेक्ट्रॉन सहज सुटतात. तो निगेटिव्ह असेल तर कमी व्होल्टेजला ठिणगी पडते. उलट झाले तर कॉइलला बरेच जास्त व्होल्टेज द्यावे लागते आणि कॉइलचे राखीव बळ त्यातच संपते. मग भाराखाली मिस मारणे आलेच.

खात्रीसाठी पॉइंटवाल्या गाडीवर पेन्सिलची जुनी युक्ती चालते. एका प्लगची वायर काढून तिच्या आणि प्लगच्या टोकामध्ये थोडे अंतर ठेवा, इन्शुलेटेड पकडीने धरलेली टोकदार पेन्सिल शिशाचे टोक मध्ये येईल अशी धरा आणि इंजिन चालू करा. पेन्सिल आणि प्लग यांच्यामध्ये नारिंगी झगमगाट दिसला तर जोडणी बरोबर. तो पेन्सिल आणि वायरीच्या मध्ये दिसला तर कॉइलच्या दोन बारीक वायरी बदला. मॉड्यूल असलेल्या गाडीवर हा प्रयोग करू नका.

बसवताना

बॅटरीची अर्थ केबल आधी सोडा. जुन्या कॉइलच्या वायरींचा फोटो काढा आणि प्रत्येकीवर चिकटपट्टीने खूण करा. क्लॅम्प आणि त्याखालचा पत्रा घासून स्वच्छ करा; तेलाने भरलेली कॉइल आपली उष्णता डब्याच्या अंगातून क्लॅम्पला देते. क्लॅम्प पक्का आवळा, पण डबा चेपेल इतका नको. जागा एक्झॉस्ट मॅनिफोल्डपासून लांब असावी. दिशा मूळ गाडीत होती तीच ठेवा: तेल थंडाव्यासाठी आणि इन्शुलेशनसाठी असते, आत थोडी पोकळी मुद्दाम ठेवलेली असते, आणि कॉइल भलत्या बाजूला कलली तर ती पोकळी नको तिथे येते. इपॉक्सीने भरलेल्या कॉइलला दिशेचे बंधन नसते.

बॅलास्टचा ठोकळा असेल तर तो प्लास्टिक आणि वायरींपासून दूर, धातूवर बसवा. चालू गाडीत तो चटका बसेल इतका तापतो. रेडिओची खरखर थांबवणारा लहान कंडेन्सर कॉइलवर लावलेला असेल तर तो चावीकडच्या टर्मिनलवरच परत लावा. डिस्ट्रिब्युटरच्या बाजूला तो गेला तर ठिणगी लगेच मंदावते. एच.टी. वायर टोकात शेवटपर्यंत बसली आहे हे बोटाने दाबून खात्री करा. आत राहिलेली छोटी फट वायरीचे टोक जाळते आणि कॉइलच्या टोकावर कोळशाची वाट तयार करते. वायर काढून ठेवून इंजिन कधीही फिरवत राहू नका, कारण बाहेर वाट न मिळालेले व्होल्टेज कॉइलच्या आतच इन्शुलेशन फोडते. ठिणगी तपासताना तिला नेहमी अर्थपर्यंत वाट द्या.

जास्त क्षमतेची कॉइल घेतली असेल तर त्याच दिवशी कॅप आणि रोटर जवळून पाहा. जुन्या कॅपमध्ये बारीक चीर असेल तर आधी ती अशक्त ठिणगीला दाद देत नव्हती; जोरकस ठिणगी नेमकी तिथूनच पळते.

सुरू केल्यावर

इंजिन चालू करून आधी चावीकडच्या टर्मिनलचे व्होल्टेज पुन्हा बघा. साध्या पद्धतीत ते चार्जिंगच्या व्होल्टेजजवळ राहते. बॅलास्टच्या पद्धतीत मीटर पॉइंटच्या उघडझापीची सरासरी दाखवतो, म्हणून आकडा इंजिन बंद असतानाच्या ५-८ पेक्षा थोडा वर येतो. करंट थेट पाहायचा असेल तर इंजिन बंद ठेवून, पॉइंट मिटवून, मीटरची १० अँपिअरची रेंज कॉइलच्या वायरीत काही सेकंद जोडा. १२.४ व्होल्टच्या बॅटरीवर ४ च्या आसपास वाचन हवे. ८ दिसले तर बॅलास्ट कुठेतरी वगळला गेला आहे. पावणेतीन दिसले तर ३ ओहमच्या कॉइलमागे बॅलास्ट अजून लपलेला आहे.

मग अर्धा तास गाडी चालवा आणि थांबल्यावर कॉइलला हात लावा. गरम असणे स्वाभाविक आहे; क्षणभरही हात ठेववत नसेल तर मोजमाप परत करा. दोन-तीनशे किलोमीटरनंतर पॉइंट उघडून बघा. करडे, सपाट पृष्ठभाग म्हणजे करंट ठीक आहे. निळेपणा दिसला तर करंट जास्त आहे. एका बाजूला टोक उगवू लागले असेल तर कंडेन्सर जुळत नाही.

काढलेली जुनी कॉइल मोजमापात चांगली निघाली असेल तर तिच्यावर प्रायमरीचे ओहम आणि ‘बॅलास्टची’ किंवा ‘थेट’ एवढे रंगाने लिहा आणि जोडीला एक तपासलेला कंडेन्सर बांधून डिकीत ठेवा.